वजन वाढलं की दमा का बदलतो? चरबी, मेदाम्लं आणि श्वासनलिका

अनुराधा_ब (धागाकर्ती)

"वजन कमी करा, दमा आपोआप जाईल." माझ्या मोठ्या बहिणीला हे इतक्या जणांनी ऐकवलंय की ती आता तपासणीला जायलाच टाळाटाळ करते. तिचा दमा चाळिशीनंतर सुरू झाला. लहानपणी शिंका नाहीत, अंगाला खाज नाही, माहेरी कुणाला दमा नाही. आधी वजन वाढलं, मग जिना चढताना धाप लागायला लागली, मग रात्रीचा खोकला, मग पंप. पंपाचा डोस वाढवत नेला तरी म्हणावा तसा आराम पडला नाही. आणि प्रत्येक वेळी खापर तिच्याच खाण्यावर.

मी डॉक्टर नाही, महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवते. त्यामुळे या प्रश्नाच्या रासायनिक बाजूबद्दल जे वाचलंय, ते इथे मांडते. चरबी म्हणजे छातीवरचं ओझं, एवढंच आपण धरून चालतो. ते ओझं खरंच आहे. पोट वर दाबलं जातं, श्वास सोडल्यावर फुप्फुसात उरणारी हवा कमी होते, बारीक नळ्या मिटायला लागतात, आडवं पडलं की जास्तच. पण हे सगळं एवढ्यावर संपत असतं तर प्रत्येक जाड माणसाला दमा झाला असता. तसं होत नाही. मेद श्वासनलिकेत आणि तिच्या आसपास रासायनिक उद्योगही करतो, आणि तो भाग रुग्णांपर्यंत पोहोचतच नाही.

सगळ्यात आधी, चरबी थेट श्वासनलिकेच्या भिंतीत सापडते. ऑस्ट्रेलियात पर्थच्या संशोधकांनी मृत्यूनंतर जपून ठेवलेल्या फुप्फुसांचे नमुने तपासले आणि २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ५२ माणसं होती: १५ दमा नसलेली, २१ दमा असूनही दुसऱ्या कारणाने गेलेली, १६ दम्यानेच गेलेली. त्यांच्या १,३७३ श्वासनलिका रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. मोठ्या नळ्यांच्या भिंतीत, बाहेरच्या थरात, चरबीच्या पेशी साठलेल्या दिसल्या, आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) जितका जास्त तितकी ही चरबीही जास्त. चरबी वाढली तशी भिंतीची जाडी वाढली आणि दाहाच्या पेशीही वाढल्या. पोटावरची चरबी आपल्याला आरशात दिसते, ही कुणालाच दिसत नाही.

दुसरी गोष्ट सरफॅक्टंटची. फुप्फुसाच्या आतल्या बाजूला एक अतिशय पातळ थर असतो. त्यात सुमारे ९० टक्के मेद आणि १० टक्के प्रथिनं असतात. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवल्या की चिकटून बसतात, वेगळ्या करायला जोर लागतो. फुप्फुसाच्या ओल्या भिंतींचंही तसंच झालं असतं, पण हा मेदाचा थर पृष्ठताण उतरवतो आणि वायुकोश व शेवटच्या बारीक नळ्या उघड्या राहतात. दाह झाला की रक्तातली प्रथिनं झिरपून या थरात शिरतात आणि त्याचं काम बिघडवतात. थरातलं एसपी-ए नावाचं प्रथिन दाह आवरतं. स्थूलता आणि दमा दोन्ही असलेल्यांच्या फुप्फुसांत ते कमी असल्याचं २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने दाखवलं. म्हणजे मेद म्हणजे शत्रू असंही नाही. श्वास चालू राहतो तो याच मेदाच्या थराच्या जोरावर. योग्य मेद योग्य जागी आहे का, हा खरा मुद्दा.

तिसरी गोष्ट मेदाम्लांची. पेशींच्या आवरणात अॅराकिडोनिक आम्ल नावाचं मेदाम्ल असतं. दाह पेटला की ते आवरणातून सुटतं आणि ५-लिपॉक्सिजनेज हे विकर (एन्झाइम) त्यापासून ल्युकोट्राइन तयार करतं. ल्युकोट्राइनमुळे श्वासनलिकेचा स्नायू आवळतो, आतला थर सुजतो, बेडका वाढतो. बेंग्ट सॅम्युएलसन यांनी १९७९ मध्ये या रेणूंना हे नाव दिलं. १९८२ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल सुने बर्गस्ट्रॉम, सॅम्युएलसन आणि जॉन व्हेन यांना मिळालं ते प्रोस्टाग्लॅन्डिन आणि त्यांच्या या भाऊबंदांवरच्या कामासाठी. मॉन्टेलुकास्ट ही गोळी घरोघरी पोहोचली आहे, ती याच ल्युकोट्राइनची वाट अडवते.

चौथी गोष्ट पोटातल्या चरबीची. ती गप्प बसत नाही. दाहाला खतपाणी घालणारं लेप्टिन जास्त, दाह आवरणारं अॅडिपोनेक्टिन कमी, आणि इंटरल्युकिन-६ सारखे दाह वाढवणारे रेणू रक्तात सोडत राहते. या शेवटच्या रेणूवर २०१६ चा एक अभ्यास फार बोलका आहे. रक्तात इंटरल्युकिन-६ जास्त असलेल्या दमेकऱ्यांची फुप्फुसं जास्त कमजोर होती आणि त्यांना तीव्र झटकेही जास्त येत होते. लक्षात घ्या, स्थूल नसलेल्यांतही ज्यांचा हा रेणू चढा होता त्यांची फुप्फुसं कमी चालत होती. आणि अॅलर्जीच्या दम्यात वाढतात त्या इओसिनोफिल पेशी? त्यांत असा फरक नव्हता.

ताईचं दुखणं मला या शेवटच्या वाक्यात सापडतं. पंपातलं स्टिरॉइड मुख्यतः अॅलर्जीच्या वाटेवरचा दाह शमवतं. दाह दुसऱ्याच वाटेने येत असेल तर डोस वाढवून किती उपयोग होणार?

इथे डॉक्टर मंडळी आहेत, दम्याचे रुग्ण आहेत. अनुभव आणि दुरुस्त्या दोन्ही हव्यात.


नलूमावशी

अनुराधा, शेवटचा परिच्छेद वाचून डोळ्यांत पाणी आलं गं. माझं वय ६१. मलाही पंचेचाळिशीनंतर दमा लागला. नातेवाईक लग्नकार्यात ताटाकडे बघतात, "काकू, जिलबी नको हं तुम्हाला." मी जिलबी खातच नाही. दम्याची गोळी सुरू झाल्यापासून वजन आणखी वाढलंय, हे मात्र कुणी विचारत नाही.


फुप्फुसवैद्य

अनुराधाताई, मांडणी चांगली आहे. छातीच्या विकारांचा डॉक्टर म्हणून काही भर घालतो.

नलूमावशी, आधी तुमच्यासाठी. "दम्याची गोळी" म्हणजे कोणती ते पाकिटावर वाचा. प्रेडनिसोलोन किंवा तशी स्टिरॉइडची गोळी असेल तर वजन वाढण्याचं ते ठळक कारण असू शकतं. तोंडावाटे स्टिरॉइड वारंवार गेलं की भूक वाढते, चरबी पोटावर आणि चेहऱ्यावर साठते, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात. वजन वाढलं की दमा चिघळतो, की पुन्हा तीच गोळी. माझ्याकडे असे पुष्कळ रुग्ण येतात, आणि त्यातल्या अनेकांना पुडीत बांधून दिलेल्या गोळीत काय आहे हे ठाऊकच नसतं. पण गोळी बरेच दिवस चालू असेल तर स्वतःहून एकदम थांबवू नका. शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड तयार होणं मंदावलेलं असतं, एकदम बंद केलं तर जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवायची असते. पंपातल्या स्टिरॉइडचा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो आणि तो थेट श्वासनलिकेत जातो. त्याला घाबरून लोक गोळीकडे वळतात, हे अगदी उलटं आहे.

आता मूळ विषय. स्थूलतेबरोबरचा दमा ढोबळमानाने दोन तऱ्हेचा दिसतो. एकात लहानपणापासून अॅलर्जीचा दमा असतो आणि पुढे वजन वाढून तो बिघडतो. दुसरा मोठेपणी सुरू होतो, स्त्रियांत जास्त, अॅलर्जीची चिन्हं कमी, इओसिनोफिल कमी, आणि पंपातल्या स्टिरॉइडला प्रतिसाद कमी. ताईंचं वर्णन दुसऱ्यासारखं वाटतं, पण न तपासता मी तसं म्हणणार नाही. २००६ मध्ये दम्याच्या औषधांच्या जुन्या चाचण्यांचं एकत्र विश्लेषण झालं. त्यात बीएमआय वाढत गेला तसा पंपातल्या स्टिरॉइडचा परिणाम घटत गेला, मॉन्टेलुकास्टचा मात्र जवळपास तेवढाच राहिला. यावरून पंप सोडून गोळी घ्यावी असा अर्थ कुणी काढू नये. स्टिरॉइडचा पंप हाच पाया आहे, कारण जिवावरचा झटका तो टाळतो.

मॉन्टेलुकास्टबद्दल एक सूचना सगळ्यांनाच. २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने या गोळीवर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. काहींना झोपेत वाईट स्वप्नं, चिडचिड, नैराश्य, क्वचित आत्महत्येचे विचार येतात. आपल्याकडे ती साध्या सर्दीलाही अॅलर्जीच्या गोळीबरोबर मिळते. घरात कुणी घेत असेल आणि स्वभाव अचानक बदलला तर गोळीचा विचार मनात येऊ द्या आणि डॉक्टरांना सांगा.


करडईचं_फूल

मी सोलापूरकडची. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या करडईचं तेल. मध्यंतरी एका व्हिडिओत सांगितलं की लिनोलिक आम्लामुळे दमा होतो, करडई बंद करा. सासूबाईंनी डबा बाहेर काढला आणि आता घरात दोन तट पडलेत. अनुराधाताई, यात तथ्य किती?


अनुराधा_ब

व्हिडिओवाल्यांनी हे कुठून उचललं असेल याचा मला अंदाज आहे, आणि ते काम आपल्याच देशातलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी या संस्थेतल्या गटाने २०१३ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. लिनोलिक आम्ल शरीरात लिपॉक्सिजनेज विकराच्या तावडीत सापडलं की १३-एस-होड नावाचा रेणू तयार होतो. हा रेणू उंदरांच्या श्वासनलिकेत दिल्यावर आतल्या अस्तराच्या पेशींमधल्या मायटोकॉन्ड्रिया (पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग) बिघडल्या, पेशी मरू लागल्या, न्यूट्रोफिल या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची गर्दी झाली आणि नळ्या जोरात आवळल्या. दमा असलेल्या माणसांच्या श्वासनलिकेतही हा रेणू वाढलेला आढळला. गंमतीची बाब म्हणजे तो ज्या ग्राहीवर (पेशीवरच्या संदेश टिपणाऱ्या प्रथिनावर) काम करतो, तो टीआरपीव्ही-१. मिरचीचा ठसका लागतो तो याच ग्राहीमुळे. ग्राही अडवल्यावर उंदरांमधली इजा कमी झाली.

हा निबंध मी माझ्या विद्यार्थ्यांना वाचायला देते, कारण गंभीर दम्यात न्यूट्रोफिल कुठून येतात आणि अस्तर का सोलवटतं याचं एक पटणारं उत्तर त्यात आहे. पण तो स्वयंपाकघरातल्या तेलाबद्दल नाही! दिला होता तो तयार रेणू, थेट फुप्फुसात. तेल खाल्ल्यावर श्वासनलिकेत तो किती बनतो, हा संपूर्ण वेगळा प्रश्न. लिनोलिक आम्ल हे आवश्यक मेदाम्ल आहे, शरीर ते बनवू शकत नाही, अन्नातूनच घ्यावं लागतं. पारंपरिक करडई तेलात ते सुमारे तीन चतुर्थांश असतं, शेंगदाणा तेलात त्याहून पुष्कळ कमी. त्यामुळे दोन्ही तेलं आलटून पालटून वापरा, एकूण तेल मोजून वापरा, आणि तेच तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. करडईमुळे दमा झाला असं म्हणण्याइतका पुरावा नाही. सासूबाईंचा डबा परत आत ठेवायला हरकत नाही.


मडगांवकार

हांव गोंयचो, पण मराठीत लिहितो. आमच्याकडे बांगडा, तारली रोजच्या जेवणात. डॉक्टर लोक म्हणतात माशाचं तेल दाह कमी करतं. मुलाला दमा आहे, वजनही जास्त. त्याला ओमेगा-३ च्या कॅप्सूल सुरू करायचा विचार आहे. बाटली बरीच महाग आहे, म्हणून आधी विचारतो.


फुप्फुसवैद्य

कॅप्सूलचे पैसे वाचवा. तुमच्या मुलासारख्याच मुलांवर, म्हणजे वजन जास्त आणि दमा अनियंत्रित अशा १२ ते २५ वयोगटातल्या ९८ जणांवर अमेरिकेत चाचणी झाली होती. रोज ४ ग्रॅम ओमेगा-३, २४ आठवडे. २०१९ मध्ये निकाल आला: दम्याचं नियंत्रण सुधारलं नाही. कागदावर तर्क बिनतोड होता. अॅराकिडोनिक आम्लाच्या जागी ओमेगा-३ गेलं की ल्युकोट्राइनचा जोर उतरायला हवा. माणसाच्या शरीरात तेवढ्याने भागलं नाही. स्टॅटिनचंही तसंच, दम्यावरचे निकाल उलटसुलट आहेत. कोलेस्टेरॉलसाठी लागत असेल तर जरूर घ्या, दम्यासाठी म्हणून नको.

बांगडा मात्र खाऊ द्या. कालवणातला द्या, तळलेला मात्र नेहमी नको.


सई_न्यूजर्सी

तळण्यावरून आठवलं. एका वेळच्या जेवणाचाही दम्यावर परिणाम होतो असं मी इथे एका आहारतज्ज्ञ बाईंकडून ऐकलं होतं. शुक्रवारी रात्री बाहेर बर्गर-फ्राइज खाल्ले की माझ्या नवऱ्याची छाती भरून येते, पंप घेतला तरी नेहमीसारखा मोकळा होत नाही. तो म्हणतो मनाचे खेळ आहेत.


अनुराधा_ब

सई, मनाचे खेळ म्हणून सोडून देऊ नका. तुम्ही लिहिलंय जवळजवळ तेच ऑस्ट्रेलियात न्यूकॅसलच्या गटाने २०११ मध्ये मोजून दाखवलं. दमेकऱ्यांच्या एका गटाला सुमारे १,००० कॅलरीचं, निम्म्याहून जास्त ऊर्जा चरबीतून मिळणारं फास्ट फूड दिलं, दुसऱ्याला हलकं, कमी चरबीचं. चार तासांनी बेडका तपासला. चरबीवाल्या जेवणानंतर न्यूट्रोफिल वाढले होते, आणि साल्ब्युटामॉल (झटपट आराम देणाऱ्या पंपातलं औषध) दिल्यावर श्वासनलिका जेवढी मोकळी व्हायला हवी तेवढी झाली नाही. नवऱ्याला जाणवतो तो फरक याच प्रकारचा असू शकतो.

यामागचं रसायन असं: संतृप्त मेदाम्लं रक्तात एकदम वाढली की प्रतिकारशक्तीच्या पेशींवरचा टीएलआर-४ नावाचा ग्राही चेतवला जातो. हा ग्राही मुळात जिवाणूंच्या आवरणातले मेद ओळखण्यासाठी आहे. त्या जेवणानंतर बेडक्यातल्या पेशींत या ग्राहीची जनुकक्रिया वाढलेली सापडली. म्हणजे शरीर बर्गरच्या चरबीला संसर्गासारखं उत्तर देतं. उंदरांमध्ये याच्या पुढची पायरीही दिसलीय. चरबीयुक्त आहारावर वाढवलेल्या उंदरांत एनएलआरपी-३ नावाची पेशीतली यंत्रणा जागी झाली, त्यातून इंटरल्युकिन-१७ हा दाह वाढवणारा रेणू आला आणि कोणतीही अॅलर्जी नसताना श्वासनलिका अतिसंवेदनशील झाली. हे २०१४ चं काम. अॅलर्जी नसताना! ताईच्या रिपोर्टवर अॅलर्जीच्या रकान्यात काही निघालं नाही, तेव्हा "मग हा दमाच नसेल" असं एकाने सांगितलं होतं, म्हणून हा मुद्दा मला एवढा टोचतो.


वऱ्हाडी_पावशेर

ताई, सारं वाचून काढलं. माह्या मनात वेगळाच प्रश्न आहे. मी नागपूरले राहतो, वजन ६४ किलो, उंची साडेपाच फूट. बारीकच म्हणा ना. पोट मात्र सुटलेलं. दमा आहे, शुगरही सीमेवर आहे. तुमच्या या धाग्यातलं मले काही लागू होते का?


अनुराधा_ब

तुमचा प्रश्न आपल्याकडच्या सगळ्यांसाठीच महत्त्वाचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हा विषय जगासमोर आणला. २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. कपड्यात दोघेही सडपातळच. पुणे जिल्ह्यातल्या गावांमध्ये १९९३ पासून चाललेल्या त्यांच्या अभ्यासात तर हे जन्मापासूनच दिसलं. आपली बाळं वजनाने लहान, स्नायू कमी, पण चरबी मात्र त्या मानाने राखलेली.

हे काम मधुमेहासाठी झालं, दम्यासाठी नाही. दम्याशी जोड मी माझ्या विचाराने लावतेय. इंटरल्युकिन-६ चढं असलेल्या, पण स्थूल नसलेल्या दमेकऱ्यांची फुप्फुसं कमी चालत होती, हे वर लिहिलंच आहे. वजनकाट्यावर जे दिसत नाही ते पोटातली चरबी करत असेल, तर भारतीय माणसाला काट्यावर विसंबून चालणार नाही. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३ च्या वर गेला की वजन जास्त आणि २५ ला स्थूलता धरतात, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर नको म्हणतात. तुमचा बीएमआय साधारण २३ च्या आसपास येतो. तुम्ही टेपने घेर मोजा, बेंबीच्या जरा वर, बरगडी आणि कमरेच्या हाडाच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता.


फुप्फुसवैद्य

याला माझा दुजोरा. आणि पावशेरराव, शुगर सीमेवर आहे हे तुमच्या छातीच्या डॉक्टरांनाही सांगा. आमच्याकडे येणारा रुग्ण शुगरचं छातीच्या डॉक्टरला सांगत नाही, आणि धाप लागते ते शुगरच्या डॉक्टरला सांगत नाही.


शिक्षिका_कोल्हापूर

माझा मुलगा नऊ वर्षांचा, दमा आहे, पण अंगाने काटकुळा आहे. मेदाचं हे सगळं मोठ्यांचंच का? का मुलांच्या दम्यातही काही असतं?


अनुराधा_ब

असतं, आणि त्याचा वजनाशी संबंध नाही. २००७ मध्ये १७ व्या गुणसूत्रावरचा ओआरएमडीएल-३ नावाचा जनुक बालपणीच्या दम्याशी जोडलेला सापडला. तो काय करतो हे आधी कळत नव्हतं. पुढे लक्षात आलं की तो स्फिंगोलिपिड या मेदांच्या निर्मितीवर लगाम ठेवतो. २०१३ मध्ये उंदरांत ही निर्मिती कमी केली तर दाह नसतानाही श्वासनलिका जास्त आवळू लागली. म्हणजे चरबीचा अंशही जास्त नसलेल्या पोराच्या दम्यातही मेदाचं रसायन सापडतं. मुलाला खायला कमी देण्याचा विचार चुकूनही करू नका. तुम्ही तसं म्हटलेलं नाही, पण दमा-चरबी हे शब्द एकत्र वाचून कुणी तसं करू नये म्हणून लिहिते.


सई_न्यूजर्सी

वजनाच्या नव्या इंजेक्शनांचं काय? इथे ऑफिसात निम्मे लोक घेतायत असं वाटतं.


फुप्फुसवैद्य

सेमाग्लुटाइड आणि त्या गटातली औषधं. २०२१ मध्ये बॉस्टनच्या गटाने मधुमेह आणि दमा दोन्ही असलेल्यांच्या नोंदी पाहिल्या. या गटातलं औषध सुरू केलेल्यांना, मधुमेहाची दुसरी औषधं घेणाऱ्यांपेक्षा दम्याचे झटके कमी आले. नोंदींवरून केलेला अभ्यास आहे, त्यामुळे मी दम्यासाठी म्हणून इंजेक्शन लिहीत नाही. मधुमेह किंवा स्थूलतेसाठी ते तसंही द्यायचं असेल तर दम्याच्या रुग्णाला त्याचा अधिक फायदा होईल, अशी आशा बाळगायला जागा आहे.

वजन घटवण्याबद्दल सांगायचं राहिलं होतं. लोक वीस-तीस किलोचा आकडा ऐकून हात टेकतात. न्यूकॅसलच्याच २०१३ च्या चाचणीत ज्यांचं वजन ५ ते १० टक्के उतरलं, त्यांतल्या ५८ टक्के लोकांत दम्याचं नियंत्रण आणि ८३ टक्के लोकांत रोजचं जगणं सुधारलं. ८० किलोच्या माणसासाठी हे ४ ते ८ किलो होतात. हे जमण्यासारखं आहे. आणि वजन उतरेपर्यंत औषध थांबवायचं नाही, पंप नीट चालू असेल तरच चालायला बळ येतं.

आणखी एक, कळकळीचं. नुसता निळा पंप घेऊन वेळ मारून नेऊ नका. दम्याच्या जागतिक मार्गदर्शनाने २०१९ पासून स्पष्ट सांगितलंय की मोठ्यांनी आणि किशोरांनी फक्त झटपट आराम देणाऱ्या पंपावर राहू नये, सोबत स्टिरॉइड हवंच. धाप लागते म्हणजे दमाच, असंही नाही. कॅनडातल्या २०१७ च्या अभ्यासात डॉक्टरांनी दमा सांगितलेल्या मोठ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांत तपासणीअंती दमा निघाला नाही. वजन जास्त असेल तर धाप नुसत्या वजनाने, घोरण्याच्या आजाराने, आम्लपित्त वर येण्याने, हृदयामुळेही लागते. म्हणून स्पायरोमेट्री, म्हणजे जोरात फुंकण्याची तपासणी, औषध देण्याआधी आणि नंतर, अशी दोन्ही वेळा झालेली हवी.


नलूमावशी

पाकीट बघितलं. गोळीवर डॉक्टर म्हणाले तेच नाव आहे, प्रेडनिसोलोन. लेकाला सांगितलंय, सोमवारी छातीच्या डॉक्टरांची वेळ घेतोय. फुंकण्याची तपासणी माझी कधीच झालेली नाही. जाताना काही नियम असतात का?


फुप्फुसवैद्य

मावशी, पोटभर जेवून जाऊ नका, हलकं खाऊन जा. कपडे सैल घाला. कवळी घट्ट बसत असेल तर राहू दे, सैल असेल तर तिथे काढून ठेवा. सकाळचा पंप घ्यायचा की थांबवायचा हे वेळ घेतानाच विचारून घ्या, कारण तपासणी निदानासाठी आहे की उपचार कसा चाललाय ते बघण्यासाठी, यावर ते ठरतं. धाप लागली तर मात्र वाट न बघता पंप घ्या आणि तिथे तसं सांगा. गोळीचं पाकीट आणि तुमचे सगळे पंप पिशवीत घालून न्या, आणि पंप कसा घेता ते त्यांच्यासमोर करून दाखवा.


अनुराधा_ब

मावशी, माझी ताईही जायला तयार झालीय. हा धागा तिला कालच वाचून दाखवला. तिने डॉक्टरांना विचारायचे प्रश्न स्वतःच्या हाताने कागदावर लिहिलेत: इओसिनोफिल किती, माझा दमा कोणत्या प्रकारचा, डोस वाढवण्याऐवजी दुसरं काही आहे का. तुम्हाला हवा असेल तर त्या कागदाचा फोटो संदेशात पाठवते.